डाळ-तांदूळ आहे, पण चूल?

१५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे टेक्सासच्या वीजजाळ्याची वारंवारता ६० हर्ट्‌झवरून ५९.३ पर्यंत घसरली. आणखी पाचेक मिनिटं ती तशीच राहिली असती, तर अख्खं ग्रिड कोसळलं असतं. ते वाचवायला लाखो घरांची वीज तोडली गेली. बाहेर बर्फ, भिंतीतले पाइप फुटलेले, आणि नळाला पाणी आलंच तर उकळून प्यायची सूचना.

मराठी घरात अशा वेळी वीस पौंड तांदूळ हमखास असतो. पण इलेक्ट्रिक शेगडी बंद पडली की त्याचा उपयोग काय? त्यापेक्षा पातळ पोहे ठेवा. भात भिजवून, भाजून मग चपटा करतात, त्यामुळे पोह्यांतलं पिष्ट आधीच शिजलेलं असतं. पाण्याचा हबका मारला की झालं. चुरमुरे, डाळं, मेतकूट यांचंही तेच. आजीच्या फराळाच्या डब्याला विज्ञानाचा पाठिंबा आहे म्हणायचा!

पाणी मात्र मोजून ठेवावं लागतं: माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, किमान तीन दिवसांचं. चौघांचे ४५ लिटर झाले. नळाला लावलेला साधा कोळशाचा फिल्टर जिवाणू रोखत नाही. पाणी खळखळून एक मिनिट उकळावं. साडेसहा हजार फुटांवर राहत असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे ते कमी तापमानालाच उकळतं.

सगळ्यात जास्त भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. त्या थंडीत काहींनी ऊब मिळावी म्हणून घरात कोळसे पेटवले, काही गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून बसले, आणि त्यात माणसं दगावली. गावाकडच्या घरात शेगडी चालून जायची, कारण कौलांतून, फटींतून वारा खेळायचा. इथली घरं ऊब टिकावी म्हणून जवळपास हवाबंद बांधलेली असतात. अर्धवट जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं. माणूस फ्लू समजून झोपतो. खिडकी किलकिली करून भागत नाही. जनरेटर असेल तर तो घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान वीस फुटांवर हवा.

झोपायच्या खोल्यांजवळ या वायूचा अलार्म असेलच. पण तो फक्त भिंतीतल्या विजेवर चालत असेल, तर वीज गेल्यावर तोही मुका. आज झाकण उघडून आत बॅटरी आहे का, तेवढं बघा.