भुयारी स्थानके : सिरुसेरीची मेट्रो शहरात जमिनीखाली का?

चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम मार्गावरील सिरुसेरी हे माहिती तंत्रज्ञान उद्योगाचे मोठे केंद्र आहे. तमिळनाडू राज्य उद्योग प्रोत्साहन महामंडळाच्या, अर्थात ‘सिपकॉट’च्या, येथील वसाहतीत रोज हजारो कर्मचारी कामासाठी येतात. शहराच्या उत्तरेकडील माधवरमपासून या वसाहतीपर्यंत ४५.८ किलोमीटर लांबीचा मेट्रो मार्ग आखण्यात आला आहे. सिरुसेरीत हा मार्ग उंच खांबांवरून जातो. मात्र त्याचा निम्म्याहून अधिक भाग भुयारी आहे. एकाच मार्गाची ही दोन रूपे का, असा प्रश्न साहजिकच पडतो.

याचे पहिले उत्तर रस्त्यांच्या रुंदीत आहे. तारमणीच्या पुढे महामार्ग प्रशस्त असल्याने त्याच्या मधोमध खांब उभारणे शक्य होते. पुरसवाक्कम, रॉयपेट्टा, मैलापूर या जुन्या भागांत तशी जागा नाही. तेथे उन्नत मार्ग बांधायचा, तर असंख्य घरे आणि दुकाने हटवावी लागली असती.

दुसरा मुद्दा खर्चाचा आहे. भुयारी मार्गाला उन्नत मार्गाच्या दुपटीहून अधिक खर्च येतो. त्यामुळे जेथे अन्य पर्याय नाही, तेथेच जमिनीखाली जाण्याचे धोरण सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. तीन मार्गिका आणि ११८.९ किलोमीटर लांबीच्या या दुसऱ्या टप्प्याचा खर्च ६३,२४६ कोटी रुपये असून, केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मंजुरी दिली.

स्थानक कसे बांधतात?

दोन स्थानकांमधील बोगदा यंत्राने खोदला जातो. स्थानकासाठी मात्र बहुधा वरूनच खोदकाम करावे लागते. प्रथम नियोजित जागेच्या कडेने जमिनीत खोलवर काँक्रीटच्या भिंती उतरवल्या जातात. या भिंती बाजूची माती आणि भूजल थोपवून धरतात. त्यानंतर आतील माती टप्प्याटप्प्याने काढून मजले बांधले जातात. चेन्नईत वाळू, चिकणमाती आणि कठीण खडक अल्प अंतरात आलटून पालटून लागतात, तसेच भूजलाची पातळीही वर असते. त्यामुळे हे काम जोखमीचे ठरते. पहिल्या टप्प्याच्या कामादरम्यान एप्रिल २०१७ मध्ये अण्णा सालै या प्रमुख रस्त्याचा काही भाग खचून एक बस आणि एक मोटार खड्ड्यात गेली होती. त्यानंतर काही आठवड्यांतच, १४ मे २०१७ रोजी, तिरुमंगलम ते नेहरू पार्क हा शहरातील पहिला भुयारी मेट्रो मार्ग सुरू झाला.

मैलापूरमध्ये या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी दिसतात. तेथील उपनगरी रेल्वेचे स्थानक १९९७ पासून सेवेत असून ते बकिंगहॅम कालव्यालगत उंचावर आहे. या रेल्वेच्या खांबांमुळे कालव्याच्या प्रवाहाला अडथळा होतो, अशी टीका दीर्घकाळ होत आली आहे. मेट्रोचे स्थानक मात्र जमिनीखाली खोलवर बांधले जात असून, तेथे दोन मार्गिका एकत्र येतात.

पाण्याचे आव्हान

भुयारी स्थानकासमोर बांधकामानंतरही पाण्याचे आव्हान कायम राहते. सिरुसेरीचा मार्ग अड्यार नदीच्या पात्राखालून जातो. याच नदीला डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या महापुराने चेन्नईचे जनजीवन विस्कळीत केले होते. नदीखालच्या बोगद्याला काँक्रीटच्या कड्यांचे जलरोधक अस्तर असते. पावसाचे पाणी आत शिरण्याचा धोका प्रामुख्याने प्रवेशद्वारे, जिने आणि वायुवीजनाच्या मार्गांतून असतो. त्यासाठी प्रवेशद्वाराचा उंबरठा पुराच्या संभाव्य पातळीपेक्षा उंच ठेवणे, गरजेनुसार दारे बंद करण्याची सोय करणे आणि उपसा पंप सज्ज ठेवणे आवश्यक असते.

याचा अनुभव मुंबईनेही घेतला आहे. २६ मे २०२५ रोजी मेट्रो-३ च्या आचार्य अत्रे चौक स्थानकात मुसळधार पावसाचे पाणी शिरले. हे पाणी बांधकाम सुरू असलेल्या प्रवेशमार्गातून आले होते. स्थानक सुरू होऊन त्या वेळी पंधरवडा उलटला होता. बोगदा भक्कम असला तरी एक अपुरे दार स्थानक बंद पाडू शकते, हे या घटनेने दाखवून दिले.

उन्नत मार्गही जोखमीपासून मुक्त नाही. चेन्नईतच जून २०२५ मध्ये मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याच्या कामावरील तुळया कोसळून एका दुचाकीस्वाराचा मृत्यू झाला. तथापि, तयार झालेल्या भुयारी स्थानकात संकट उद्भवल्यास प्रवाशांना वर येण्यासाठी मोजकेच मार्ग असतात. म्हणूनच धूर बाहेर काढणारे पंखे, पर्यायी वीजपुरवठा आणि आपत्कालीन जिने यांना तेथे विशेष महत्त्व असते.

सिरुसेरीच्या प्रवाशाचे स्थानक उंचावर असले, तरी शहरात जाताना त्याला तारमणीनंतर जमिनीखालूनच प्रवास करावा लागेल. ऐन पावसाळ्यात मैलापूर किंवा रॉयपेट्ट्याचे एखादे प्रवेशद्वार पाणी रोखू शकले नाही, तर त्याची झळ कित्येक किलोमीटर दूर सिरुसेरीच्या फलाटावर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यालाही बसेल.