मोटारीचा उत्प्रेरक परिवर्तक : बदलण्यापूर्वी आणि बदलताना

तापीकाठचे सुरत शहर खानदेशाला परके नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतून गेलेली असंख्य मराठी कुटुंबे यंत्रमाग व कापडाच्या धंद्यावर उदरनिर्वाह करीत आहेत. सणासुदीला आणि लग्नसराईत बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर या मार्गाने त्यांच्या मोटारी गावाकडे येतात. सुरतेत काही वर्षे वापरलेल्या मोटारी खानदेशातील खेड्यांत विकतही घेतल्या जातात. त्यामुळे सुरतेच्या मोटारींचा प्रश्न हा नवापूर-नंदुरबारचाही प्रश्न ठरतो.

२०२० नंतरच्या काही वर्षांत सुरतेसह गुजरातमधील अनेक शहरांत, तसेच महाराष्ट्रातही, एक चमत्कारिक चोरी वारंवार उघडकीस आली. चोर मोटारीला हात लावीत नसत. तिच्या पोटाखालचा सायलेन्सर तेवढा खोलून नेत. ईको या मोटारीच्या मालकांना याचा उपद्रव विशेष झाला, कारण तिचा हा भाग खालून सहज हाती लागतो. सकाळी मोटार सुरू करताच ट्रॅक्टरसारखा आवाज येई आणि मग चोरी लक्षात येई. लोखंडी नळीसाठी एवढी जोखीम कोण घेईल, असा प्रश्न अनेकांना पडला. चोरांचे लक्ष नळीवर नव्हते. ते तिच्यातील ‘उत्प्रेरक परिवर्तक’, म्हणजेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, या भागावर होते. हा भाग चोरीस गेला किंवा निकामी झाला, तर तो घरच्या घरी बदलता येईल काय, आणि बदलताना कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती प्रत्येक मोटारमालकास असणे इष्ट आहे.

हे यंत्र करते काय?

इंजिनात पेट्रोल वा गॅस जळताना सर्वच इंधन पूर्ण जळत नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असे तीन प्रकारचे घातक वायू बाहेर पडतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. परंतु रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो आणि माणूस गुदमरतो. उरलेल्या दोन वायूंपासून उन्हाच्या साहाय्याने हवेत ओझोन तयार होतो व त्याचा त्रास फुप्फुसांना होतो.

पोलादी डब्यातील उत्प्रेरक परिवर्तक हा मधाच्या पोळ्यासारखा, असंख्य बारीक नळ्यांचा चिनी मातीसारख्या पदार्थाचा ठोकळा असतो. या नळ्यांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खडबडीत थर देऊन त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचे अतिसूक्ष्म कण बसविलेले असतात. पुष्कळांची समजूत असते की ही धुराची गाळणी आहे. ती बरोबर नाही. गाळणीत घाण साठते. येथे काहीच साठत नाही. वायू या धातूंच्या पृष्ठभागावरून जाताना त्यांचे रासायनिक रूपांतर होते. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोकार्बनचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होतात आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन होतो. धातू मात्र जसेच्या तसे राहतात. विरजण लावल्याने दुधाचे दही होते, पण विरजण स्वतःही त्या दह्यात मिसळून जाते. उत्प्रेरक त्याहून निराळा, कारण तो काम करूनही वेगळाच उरतो.

हे कार्य सुरू होण्यास सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सियस उष्णता लागते. तापलेला व सुस्थितीतील परिवर्तक या वायूंचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग निर्धोक करू शकतो. त्यातील मौल्यवान धातूंचे वजन अवघे काही ग्रॅम असते. परंतु २०२१ साली ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दहापटींहून वर गेला होता, हे लक्षात घेता चोरांचा मोह कळून येतो.

भारतात आणि सुरतेत

फ्रेंच अभियंता यूजीन हूद्री यांनी १९५० च्या दशकात अशा उपकरणांचा पाया घातला. अमेरिकेत १९७५ च्या मोटारींपासून ती सर्रास बसू लागली. भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक आवश्यक करण्यात आला. त्याच वेळी शिसेविरहित पेट्रोलचा पुरवठाही सुरू झाला, कारण पेट्रोलमधील शिसे परिवर्तकातील धातूंवर लेपासारखे बसून त्यांना निकामी करते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले.

सुरतेचे नाव या वाटचालीत पुढच्या ओळीत आहे. १ एप्रिल २००५ रोजी ज्या शहरांत भारत स्टेज तीनची मानके प्रथम लागू झाली, त्यांत मुंबई व पुण्याबरोबर सुरतही होती. १ एप्रिल २०१० रोजी भारत स्टेज चारची मानके लागू झालेल्या पहिल्या शहरांतही सुरत होती. त्या वेळी यादीत सोलापूरचीही भर पडली. देशभर स्टेज चार १ एप्रिल २०१७ पासून आणि स्टेज सहा १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. याच शहरात २०१९ साली कारखान्यांच्या धुरातील कणांसाठी उत्सर्जन-व्यापाराची योजना सुरू झाली व तिच्याकडे जगाचे लक्ष वेधले गेले. कारखान्यांच्या धुरावर देखरेख होत असताना मोटारींचा धूर मोकळा सोडणे कोणत्याही अर्थाने परवडणारे नाही.

आधी कारण शोधावे

परिवर्तक सहसा आपण होऊन मरत नाही. त्याला दुसरा कोणी तरी मारतो. स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल बिघडल्यास न जळलेले इंधन परिवर्तकात जाऊन पेटते व आतील ठोकळा वितळतो. इंजिन तेल जाळीत असेल, तर तेलातील फॉस्फरस व जस्त यांचा थर धातूंवर बसतो. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात तापलेला परिवर्तक बुडाला किंवा दगडावर आपटला, तर ठोकळा तडकतो. मूळ रोग तसाच ठेवून नवा परिवर्तक बसविला, तर तोही थोड्याच दिवसांत निकामी होतो आणि मोठा खर्च वाया जातो. सीएनजीवर चालणाऱ्या मोटारींनाही हे तितकेच लागू आहे. म्हणून प्लग, कॉइल, हवेची गाळणी, इंजिन तेलाची पातळी आणि ऑक्सिजन सेन्सर यांची तपासणी प्रथम करावी.

गाडीची ओढ कमी होणे, इंजिनाचा दिवा पेटून राहणे, कुजक्या अंड्यासारखा वास येणे, डब्यावर हलके ठोकल्यास आत खुळखुळणे ही बिघाडाची लक्षणे होत. ती इतर बिघाडांतही दिसतात. तेव्हा त्यांवरून एकदम निर्णय करू नये. गॅरेजमधील संगणकीय तपासणीत दोषाचा संकेतांक वाचून घ्यावा.

घरी बदलावयाचा झाल्यास

प्रथम आपल्या मोटारीची रचना पाहावी. अनेक नव्या मोटारींत परिवर्तक इंजिनाला लागूनच, एक्झॉस्ट मॅनिफोल्डबरोबर एकसंध असतो. काहींत तो वेल्डिंगने जोडलेला असतो. असे काम घरी करू नये. ते गॅरेजमध्येच द्यावे. मोटारीच्या पोटाखाली नटबोल्टांनी जोडलेला परिवर्तक मात्र हत्यारांची सवय असलेल्या माणसास बदलता येतो.

मोटार सपाट व कठीण जागेवर, उघड्यावर उभी करावी. इंजिन बंद केल्यावर काही तास जाऊ द्यावेत, कारण चालू असताना परिवर्तक कित्येकशे अंश तापलेला असतो. हातब्रेक ओढून चाकांना अडण लावावी. मोटार जॅकने उचलल्यावर तिचा भार मजबूत स्टँडवर घ्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर, अथवा विटा-दगडांची चळत रचून गाडीखाली शिरणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण होय. बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे व नाकाला मुखपट्टी असावी.

गंजलेल्या बोल्टांवर गंज सोडविणारे तेल टाकून ते मुरू द्यावे. ताकद लावून बोल्ट मोडल्यास काम दुप्पट होते. ऑक्सिजन सेन्सर प्रथम अलगद काढावेत. ते सहसा दोन असतात, एक परिवर्तकाच्या अलीकडे व एक पलीकडे. त्यांच्या तारांवर खूण करून ठेवावी आणि त्यांच्या टोकास तेल, ग्रीस किंवा सिलिकॉनचा लेप लागू देऊ नये, कारण सिलिकॉनने सेन्सर व परिवर्तक दोन्ही बिघडतात. नंतर जोडांचे नट सोडवून, रबरी टांगणी काढून जुना भाग खाली घ्यावा. तो वजनदार असतो. खालून आधार देण्यास दुसरा माणूस हवा.

नव्या भागावर वायूच्या प्रवाहाची दिशा बाणाने दाखविलेली असते. बाण इंजिनाकडून मागच्या बाजूस असावा. गास्केट व नट नवेच वापरावेत. सर्व बोल्ट आधी हाताने फिरवून भाग नीट रेषेत आणावा आणि मगच निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने क्रमाने आवळावेत. सेन्सर व टांगणी पूर्ववत बसवावी. तार तापणाऱ्या नळीला टेकत नाही ना, हे पाहावे. त्यानंतर बॅटरी जोडून इंजिन उघड्यावरच सुरू करावे व जोडांतून फुसफुस आवाज येतो का, हे ऐकावे. बंद पडवीत किंवा शेडमध्ये इंजिन कदापि चालू ठेवू नये. पहिली काही मिनिटे थोडा वास व धूर येणे स्वाभाविक आहे. शेवटी दोषाचा संकेतांक पुसून घेऊन, काही दिवस गाडी चालविल्यावर तो पुन्हा येत नाही याची खात्री करावी.

रिकामी नळी हा उपाय नव्हे

नवा परिवर्तक महाग असतो. म्हणून काही ठिकाणी त्याच्या जागी साधी नळी जोडून देण्याचा, किंवा जुन्या डब्यातील ठोकळा फोडून काढण्याचा सल्ला मिळतो. गाडी चालते, आवाजही फारसा वाढत नाही. मालकाला पैसे वाचल्यासारखे वाटते. पण ज्या गल्लीत ती गाडी सकाळी तापत उभी राहते, त्या गल्लीतील मुले व म्हातारी माणसे त्या बचतीची किंमत श्वासाने चुकती करतात. कायद्यानेही हे चालत नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. प्रदूषणाची मानके मोडल्यास २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १९० खाली तीन महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

नवा भाग घेताना तो आपल्या मोटारीच्या नमुन्यासाठी व मानकासाठीच बनविलेला आहे, याची पावतीसह खात्री करावी. अतिस्वस्त भागांत मौल्यवान धातूंचा थर नाममात्र असू शकतो. चोरीचा माल तर घेऊच नये; त्याने पुढच्या चोरीला गिऱ्हाईक मिळते. जुना परिवर्तक करवतीने कापू नये, त्यातील धूळ व तंतू फुप्फुसांस घातक असतात. तो अधिकृत भंगार पुनर्वापर केंद्रास द्यावा व पावती घ्यावी. चोरी झाल्यास पोलिसांत तक्रार नोंदवून विमापत्रातील अटी पाहाव्यात. मोटार रात्री उजेडात लावावी आणि खालच्या भागास संरक्षक जाळी बसवून घ्यावी.

जुनी मोटार घेणाऱ्यांसाठी

आतला भाग काढलेला डबा बाहेरून ओळखू येत नाही. म्हणून सुरतेहून वा अन्य शहरातून जुनी मोटार घेताना पीयूसीच्या कागदावरील शिक्का न पाहता आकडे पाहावेत. स्टेज चारच्या पेट्रोल मोटारीसाठी मंदगतीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. शक्य तर आपल्यासमोर नव्याने तपासणी करून घ्यावी. किल्ली फिरविताच इंजिनाचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. दिवा मुळीच लागत नसेल, तर तो मुद्दाम बंद केला असण्याचा संभव आहे.

ग्रामीण भागासाठी आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. लांबचा प्रवास करून आलेली मोटार वाळलेल्या गवतावर, कडब्याच्या गंजीजवळ किंवा उसाच्या पाचटावर उभी करू नये. पोटाखालचा तापलेला परिवर्तक पाचट पेटवू शकतो, आणि वर्षभराचा चारा व मोटार दोन्ही एका ठिणगीसरशी जाऊ शकतात.

शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला उत्प्रेरकाचा धडा शिकविताना शाळेच्या दारात उभ्या असलेल्या मोटारीचा हा दाखला द्यावा. घरी हा भाग बदलणे अशक्य नाही; परंतु जे काम दिसत नाही ते प्रामाणिकपणे करण्याची ही कसोटी आहे. डब्यात काय आहे हे मालकाशिवाय कोणास दिसत नाही, पण डब्यातून काय बाहेर येते ते सर्वांच्या छातीत जाते.