अंकिता रैना संपली? थांबा जरा!

"तिशी उलटली, एकेरीच्या क्रमवारीत १६०च्या पुढे कधी सरकली नाही, आता काय उरलंय?" असं म्हणणारे बरेच भेटतात. टेनिसपटू अंकिता मूळची अहमदाबादची, पण खेळ घडला आपल्या पुण्यात, हेमंत बेंद्रे सरांकडे. २०१८च्या आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्य, २०२१मध्ये कामिला राखिमोवाबरोबर मेलबर्नला डब्ल्यूटीए दुहेरीचं विजेतेपद. हे काय कमी आहे?

एकेरीत मोठी झेप आता अवघड, मान्य. पण दुहेरीत कोर्ट वाटून घेता येतं. तिथे पायांपेक्षा नजर आणि अनुभव जास्त कामाला येतो. (आणि वयाचंच म्हणाल तर तात्याना मारियाने २०२५मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, क्वीन्स क्लबची एकेरी जिंकली, बरं का!)

बालेवाडीत अंकिताचा सामना असला की शंका घरी ठेवून या, पुणेकरांनो.