इंजिनाशी ओळख, भाग ७ : गाडी पाणी का फेकते?

दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीची बिऱ्हाडं घेऊन गाड्या सांगली-कोल्हापूरकडे, पार बेळगावपर्यंत निघतात. तेलगावकडून धारूरचा घाट चढताना एखादी कडेला लागते, पाणी फेकते आणि कुणीतरी लगेच निकाल देतं, "हेड गॅस्केट गेलं." हेड उतरवलं की ऐन हंगामातले दिवस गेले, पैसाही गेला. कित्येकदा दोष हेडात नसतोच.

मागच्या आठवड्यात थर्मोस्टॅट पाहिला. आज दाब. रेडिएटरचं झाकण हा खरं तर एक व्हॉल्व्ह आहे. त्यावर ०.९ असा आकडा कोरलेला असेल, तर तेवढा दाब ते आत धरून ठेवतं आणि पाणी १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांवर उकळतं. त्याचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग मऊ पडली की दाब टिकत नाही, इंजिन धडधाकट असूनही चढावर पाणी उसळतं. याच झाकणात उलटा, हवा-पाणी आत घेणारा छोटा व्हॉल्व्हही असतो. गाडी थंड झाल्यावर वरचा होज चिपाड झालेला दिसला, तर तो अडकलाय असं समजा. दोन्ही बाबतींत आधी झाकण बदला.

आता खरी परीक्षा. गाडी रात्रभर उभी राहून थंडगार झालेली असताना झाकण लावून इंजिन चालू करा आणि वरचा होज मुठीत धरा. पाणी अजून तापलेलंच नाही, म्हणजे दाब यायला नको. तरीही मिनिट-दोन मिनिटांत होज दगडासारखा टणक झाला, तर पाण्यात कुठून तरी वायू शिरतोय.

तो सिलिंडरमधून येतो, गॅस्केट फाटल्याने किंवा हेडला तडा गेल्याने. पण आणखी एक वाट आहे आणि तीच विसरली जाते. ब्रेकची हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचं हेडही बहुतेक ट्रकमध्ये याच पाण्याने थंड होतं. त्याचं गॅस्केट गेलं, तर सात-आठ किलो दाबाची हवा थेट पाण्यात घुसते. ओव्हरफ्लोची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवा आणि बुडबुडे पाहत राहा. टाकीत हवा पूर्ण भरून 'फुस्स' झाल्यावर बुडबुडे मंदावले, तर संशय कॉम्प्रेसरवर. खात्रीसाठी, इंजिन थंड असताना कॉम्प्रेसरच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या सोडवा, इंजिनकडची तोंडं बंद करा आणि दोनच मिनिटं इंजिन चालवा. बुडबुडे थांबले, तर हेडला हात लावायची गरज नाही. चालूच राहिले, तर मात्र हेड उतरवावंच लागेल.

बोअरच्या जड पाण्याने रेडिएटर कसा चोंदतो, ते पुढच्या भागात. तोवर एकच विनंती : घाटात गाडी तापली, तर झाकणाला हात लावू नका. इंजिन बंद करा, मागे बसलेल्या बायका-पोरांना खाली उतरवून सावलीत बसवा आणि होज हाताला गार लागेपर्यंत थांबा.