दुबईतला फ्लॅट आणि वरचा खर्च

दुबईत घरावर वार्षिक मालमत्ता कर नाही, हे एजंट आवर्जून सांगतात. पण खरेदीच्या वेळी भूमी विभागाला किमतीच्या 4 टक्के नोंदणी शुल्क द्यावंच लागतं. नियमाने ते खरेदीदार आणि विक्रेता या दोघांत निम्मं-निम्मं. प्रत्यक्षात बहुधा सगळं खरेदीदाराच्याच माथी. एजंटचं कमिशन साधारण 2 टक्के, त्यावर 5 टक्के व्हॅट. म्हणजे 10 लाख दिरहॅमच्या फ्लॅटवर हेच 61 हजार झाले. कर्ज घेतलंत तर कर्जाच्या पाव टक्का नोंदणी वेगळी. देखभालीचं शुल्क चौरस फुटांवर, दरवर्षी. ते आधीच विचारावं.

भारतातून पैसे पाठवायचे तर माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. वर्षात 10 लाख रुपयांपुढे पाठवलेल्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस घेते. हा जादा कर नव्हे, विवरणपत्रात वळता होतो. पण तोवर पैसे अडकतात, आणि हिशेब कोलमडतो तो इथेच. भारतात निवासी असाल तर तिथलं भाडं इथे करपात्र असतं, आणि फ्लॅट परकीय मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावा लागतो. लपवल्यास 10 लाख रुपये दंड होऊ शकतो.