टाइलला भोक पाडताना

मागच्या पावसाळ्यात अम्मी बेसिनजवळ वुजू करताना घसरल्या. पाय धुवायला एक पाय उचलला आणि तोल गेला. अल्लाहचा शुक्र, मुका मारच लागला. पण त्याच दिवशी आम्ही ठरवलं, तिथे धरायला स्टीलचा दांडा बसवायचाच.

ड्रिल मशीन घरात होती. पहिलं भोक पाडायला घेतलं आणि ‘टक्’ असा आवाज होऊन टाइलला वरपासून खालपर्यंत तडा गेला. चूक आमचीच. मशीनचं हॅमरचं बटण चालू राहिलं होतं. विटेची भिंत ठोके सोसते, टाइल सोसत नाही. ती ठोकून फोडायची नसते, हळूहळू घासत जायची असते.

दुसऱ्या खेपेला घाई केली नाही. टाइलवर बोटाने टकटक करून पाहिलं; पोकळ आवाज आला ती जागा सोडली, कारण आत सिमेंट नसेल तर टाइल लवकर फुटते. नळाची पाइप आणि विजेची वायर कुठून गेली आहे तेही आधी बघितलं. खुणेच्या जागी कागदी चिकटपट्टी लावली, म्हणजे बिट सरकत नाही. साध्या सिरॅमिक टाइलला भाल्यासारख्या टोकाचा कार्बाइड बिट चालतो. व्हिट्रिफाइड टाइल फार कडक, तिला डायमंड बिटच हवा. हॅमर बंद, वेग कमी, हाताचा दाब बेताचा. बिट तापू नये म्हणून मधून मधून पाणी शिंपडायचं. म्हणूनच तारेची मशीन नको, बॅटरीची बरी. डोळ्यांना चष्मा हवाच आणि मुलं लांब.

टाइल पार झाली की बिट बदलायचा. पुढच्या विटेला भिंतीचा बिट, आणि आता हॅमर चालतो. प्लास्टिकचा प्लग टाइलच्या मागे, भिंतीत पुरता गेला पाहिजे. तो टाइलमध्येच अडकला तर स्क्रू पिळताना फुगतो आणि टाइल तडकते. भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर साधा प्लग माणसाचं वजन पेलत नाही; तिथे मिस्त्रीलाच बोलवावं.

काचेचंही तंत्र हेच. फक्त खाली सपाट लाकूड ठेवायचं, कडेपासून दूर राहायचं आणि भोक पार होत आलं की दाब आणखी कमी करायचा. मात्र टफन्ड काचेला बिट लावूच नये. क्षणात तिचे बारीक तुकडे होतात. तिची भोकं कारखान्यात, काच कडक करण्याआधीच पाडलेली असतात.

दांडा बसल्यावर आम्ही दोघांनी आळीपाळीने त्याला सगळं वजन देऊन ओढून पाहिलं. मगच अम्मींना बोलावलं. त्यांनी दांडा धरला, पाय उचलला, धुतला. मग तडा गेलेल्या टाइलकडे बघून म्हणाल्या, “ही राहू द्या. पुढच्या वेळी घाई करणार नाही तुम्ही.”