कुंडींतील ताड

ताड, माड, पोफळ, खजूर व शिंदी हीं सर्व एकाच कुळांतील झाडें होत. या कुळांतील कांहीं झाडें हल्लीं घरांत कुंडींत लावितात. परंतु तीं ओळखण्यांत पुष्कळांची फसगत होते.

प्रथम पान पहावें. माडासारखें पिसाच्या आकाराचें व ताडासारखें पंख्याच्या आकाराचें, असे पानाचे दोन मुख्य प्रकार आहेत. भेरली माडाच्या पर्णिका मात्र माशाच्या शेपटीसारख्या असतात. बाजारांत ज्यास 'अरेका पाम' म्हणतात तें आपल्या सुपारीचें झाड नव्हे. तें मूळचें मादागास्कर बेटांतील असून त्याचे अनेक बुंधे एके जागीं फुटतात व देंठ पिवळसर असतात. सुपारीस बुंधा एकच. 'सागो पाम' तर या कुळांतलाच नव्हे. तो सायकस होय. त्याचे सर्व भाग, विशेषतः बिया, विषारी असतात. म्हणून मुलें व कुत्रीं असलेल्या घरांत तो ठेवूं नये.

आमच्या कुंडींतील एकबुंधी झाड फार उंच झालें, तेव्हां फांद्या फुटाव्या म्हणून आम्हीं त्याचा शेंडा छाटला. तें पुन्हां फुटलें नाहीं. या झाडांच्या बुंध्यास वाढीचा कोंब एकच, व तोही शेंड्यास असतो. तो गेला कीं बुंधा मेला, हें आम्हांस फार उशिरां कळलें. यास्तव वाळलेलें पान तेवढेंच कापावें. कुंडीस भोंक असावें, वरची माती सुकल्यावरच पाणी घालावें व झाड उजेडांत, परंतु दुपारच्या उन्हाआड ठेवावें. शेंडा राखला तर झाड राहील.